रेपो रेट बदलला की होम लोनवाल्यांनी काय बघायचं

रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, कमी झाला अशी बातमी आली की सगळे हप्त्याचाच हिशोब मांडतात, पण बातमी आणि तुमचा हप्ता यांच्यामध्ये तुमचं लोन अ‍ॅग्रीमेंट असतं, म्हणून आधी ते काढा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून फ्लोटिंग (बदलत्या) रेटवर घेतलेलं होम लोन असेल तर ते बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला, बहुतेक वेळा रेपोलाच, जोडलेलं असतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्याचं व्याज रीसेट व्हावंच लागतं, म्हणजे नव्या दराप्रमाणे बदलावंच लागतं. त्याआधीचं लोन एमसीएलआर किंवा बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरांवर, अडकलेलं असू शकतं, तिथे रेपोचा फरक फार हळू पोचतो, मग बँकेत जाऊन रेपोवर बदलून मागा, थोडी फी लागेल पण बऱ्याचदा वसूल होते. हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन असेल तर हा नियम लागू नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं.

आता खरा मुद्दा. २०२५ मध्ये फेब्रुवारीत पाव, एप्रिलमध्ये पाव आणि जूनमध्ये एकदम अर्धा टक्का असं करत रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. समजा ३० लाखांचं लोन, २० वर्षं मुदत, आणि व्याज साडेआठचं साडेसात झालं. हप्ता साधारण २६,०३५ चा २४,१६८ होतो, महिन्याला १,८६७ वाचले म्हणून बरं वाटतं. पण हप्ता २६,०३५ च ठेवला तर लोन जवळपास तीन वर्षं आधी संपतं आणि हप्ता कमी करून घेणाऱ्यापेक्षा एकूण साधारण पावणेपाच लाख कमी भरावे लागतात!! घरात पैशांची ओढाताण नसेल तर माझं मत सरळ आहे, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा, आणि हे बँकेला लेखी कळवा कारण बँकेने स्वतःहून काय केलंय ते स्टेटमेंट बघितल्याशिवाय कळत नाही.

रेट वाढताना याच्या उलट होतं. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरलेली मीटिंग नसतानाही रेपो ४ वरून ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला पण मुदत गुपचूप लांबली. म्हणून ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे.

आणि पुढचा अंदाज घ्यायचा असेल तर फक्त रेट वाचून थांबू नका, महागाईचा अंदाज वाचा, कारण रेपो ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या सहा जणांच्या पतधोरण समितीचं लक्ष्य महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं आहे, ती खाली असेल आणि ग्रोथ मंदावत असेल तर उद्योगांना आणि लोकांना कर्ज स्वस्त मिळावं म्हणून कपातीला जागा असते, वर जात असेल तर कपातीची आशा धरून बजेट आखू नका. समितीच्या मीटिंगनंतर १४ दिवसांनी तिचे मिनिट्स (इतिवृत्त) येतात, त्यात सहापैकी कोणी कसं मत दिलं आणि का ते असतं, तेवढं जरूर वाचा.