शिडाच्या बोटीवर दोघांनी राहायचंय? मग या चुका टाळा

पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की दरवर्षी अपोलो बंदरावर एखादं तरी नवं जोडपं भेटतं. पंचवीस-सव्वीस फुटांची जुनी बोट घेतलेली असते, डोळ्यांपुढे लक्षद्वीपचं निळं पाणी असतं आणि डिसेंबरात निघायचं ठरलेलं असतं. जानेवारीपर्यंत यातली निम्मी जोडपी बोटीला गिऱ्हाईक शोधू लागतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चुका दरवेळी त्याच असतात आणि त्या टाळता येतात. आम्ही नवरा-बायको बारा हिवाळे अठ्ठावीस फुटी बोटीवर कोकण, गोवा, कोची आणि पुढे बेटं असे फिरतोय. जे लिहिते आहे ते त्या अनुभवातून.

सगळ्यात मोठी चूक नांगराची. पाणी तीन मीटर दिसलं की लोक पंधरा मीटर दोर सोडतात आणि जेवायला बसतात.

आमचं पहिलं वर्ष. पौर्णिमा होती. संध्याकाळी सहाला अलिबागजवळच्या मांडवा बंदराबाहेर पोचलो. खोली तीन मीटर, पाणी आरशासारखं. पंधरा मीटर दोर सोडला, पिठलं-भात खाल्ला, झोपलो. साडेबाराच्या सुमारास तहान लागली म्हणून मी उठले, डोकं बाहेर काढलं, तर समोर मासेमारीच्या डोलजाळ्याचा खुंट. मांडीएवढा जाड, काळा, ओला, त्याला चिकटलेली कालवंसुद्धा टॉर्चमध्ये दिसत होती. अंतर दोन बोटींचं.

झालं होतं ते अगदी साधं. संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी होती. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी चार-साडेचार मीटर चढतं, म्हणजे मध्यरात्री आमच्याखाली सात मीटरहून जास्त पाणी होतं. बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची एक मीटर धरा. आठ मीटरला पंधरा मीटर दोर म्हणजे दुपटीलाही कमी. असा दोर नांगराला आडवा ओढत नाही, वर उचलतो. ओहोटीची ओढ सुरू झाली, नांगर चिखलातून सुटला आणि बोट निघाली.

नवरा इंजिन सुरू करायला धावला. मी ओरडले, "नको, पंख्यात जाळं जाईल!" दुसरा नांगर चाळीस मीटर दोरासकट मागच्या पेटीत होता, तो हातानेच टाकला. त्याने धरलं. उजाडेपर्यंत दोघंही जागे होतो. सकाळी ते जाळं उचलायला आलेल्या तांडेलमामांनी सगळं बघितलं आणि एवढंच विचारलं, "ताई, पाणी वर येतं, तुमची दोरी येते का?" मग त्यांनीच तो हिशोब शिकवला जो किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. ही अंदाजाची वेळ आहे. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बोटीवर हवंच, पण हा हिशोब डोक्यात असला की कोष्टकातली ओळ चुकीची वाचली तर लगेच खटकतं.

आता आमची पद्धत अशी: पूर्ण भरतीची खोली, त्यात नाळेची उंची मिळवायची. पूर्ण साखळी असेल तर पाचपट, दोर असेल तर सातपट. मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून दोन मिनिटं ओढायचं. त्या वेळी किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा एक माड आणि त्यामागचा देवळाचा कळस, एका रेषेत धरून बघत राहायचं. रेषा मोडली तर नांगर घसरतोय, सगळं पुन्हा करायचं. नांगराने धरलंय हे नक्की होईपर्यंत आमच्या बोटीवर चहा ठेवत नाही. "बास झालं, धरलंय वाटतं" असं कुणी म्हणालं की मी ओळखते, यांची रात्र वाईट जाणार.

लक्षद्वीपला भरती जेमतेम एक-दीड मीटर, म्हणून तिथे लोक निर्धास्त होतात. तिथली चूक वेगळी. फिकट निळसर दिसतं तिथे वाळू, तपकिरी दिसतं तिथे पोवळं. नांगर वाळूतच टाकायचा आणि मास्क लावून, पाण्यात उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचा. गोल दगडासारखं पोवळं वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं, आणि वाऱ्याने फिरणारी साखळी त्याच्या कित्येक वर्षांची वाढ एका रात्रीत घासून काढते. 1998, 2010 आणि 2016 मध्ये पाणी तापून तिथलं पोवळं आधीच पांढरं पडलेलं आहे. त्यावर आपल्या आळसाची भर नको.

आणि आत शिरायची वेळ. तिथली बहुतेक बेटं पोवळ्याच्या कंकणाच्या पूर्व कडेला आहेत आणि लगून, म्हणजे कंकणाच्या आतलं उथळ पाणी, पश्चिमेला. म्हणजे आत जाताना तोंड पूर्वेकडे. सकाळी गेलात तर ऊन थेट डोळ्यांत आणि खडक दिसतच नाहीत. बारा ते तीनच्या दरम्यान, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना शिरा. एकाने नाळेवर उभं राहायचं. उशीर झाला तर बाहेर खोल पाण्यात रात्र काढा. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर अंधारात शिरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त जाऊ नका म्हणून सांगते.

दुसरी चूक मला नांगराहून जास्त लागते. बोट चालवणं दोघांपैकी एकालाच येतं. नवरा कप्तान, बायकोकडे कालथा आणि दोर, आणि धक्क्याला लागताना नाळेपर्यंत ऐकू जाईल असा आरडाओरडा. "तिला भीती वाटते" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. भीती वाटणारच, सुकाणू कधी हातात दिलंच नाही तर.

कोचीहून कवरत्ती 404 किलोमीटर, आमच्या बोटीला दोन दिवस नि दोन रात्री. एकदा पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याला उलट्या सुरू झाल्या. रात्रीपर्यंत तो उठून बसूही शकत नव्हता. वारा वाढत होता. मी उजेड असतानाच मोठं शीड आखडून घेतलं, त्याला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं, स्वयंचलित सुकाणूवर बोट ठेवून दर पंधरा मिनिटांनी चहूकडे नजर टाकत राहिले. वीस तास मी एकटी होते. घाबरले नाही, कारण आमच्याकडे तिसऱ्या वर्षापासून नियम आहे: विषम तारखेला कप्तान मी, सम तारखेला तो. ज्याची तारीख त्याचा शब्द शेवटचा, आणि इंजिनाचं तेलही त्यानेच बघायचं.

जायच्या आधी मुंबईतच सराव करा. जानेवारीत दुपारी उत्तर-पश्चिमेचा खारा वारा छान असतो. एक फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या कडेला लावतात तो हवेचा फुगा) पाण्यात टाका आणि दुसऱ्याने एकट्याने, फक्त शिडांवर बोट फिरवून तो उचलून आणा. दहा वेळा. मग अदलाबदल. नांगर टाकताना बोलायचं नाही, हाताच्या खुणा ठरवा. आमच्या चारच आहेत: पुढे, मागे, थांब, सोड.

बाकीचं थोडक्यात. मुंबईच्या बंदरात इंजिन तापलं तर आधी धूर निघतो तिथून पाणी पडतंय का बघा. दहातल्या आठ वेळा पाणी ओढायच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी असते. इंजिन बंद, झडप बंद, गाळणी साफ. पंपाचा रबरी पंखा सुटा जवळ ठेवा.

बोट लागण्याची गोळी उलटी झाल्यावर नाही, निघण्याआधी तासभर.

प्यायला नि रांधायला माणशी रोज चार लिटर पाणी. भांडी समुद्राच्या पाण्यात. हलत्या बोटीवर कुकरइतकं भरवशाचं भांडं नाही, झाकण लागलेलं असतं.

लक्षद्वीपचा परवाना आधी हातात, मग दोर सोडायचा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पावसाळा गेला असं समजू नका. फयान वादळ नोव्हेंबर 2009 मध्ये कोकणावर आलं, ओखी 2017 च्या डिसेंबरच्या तोंडावर लक्षद्वीपवरून गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ हवामान ऐका, आणि सुट्टी संपतेय म्हणून कधीही निघू नका. ऑफिसला फोन करा, दोन दिवस वाढवून घ्या.

आणि मे महिन्यात बोट वर घ्यायची तारीख एप्रिलमध्येच ठरवून ठेवा. तौक्ते वादळ 17 मे 2021 ला मुंबईजवळून गेलं, तेव्हा कितीतरी जण "अजून पंधरा दिवस आहेत" म्हणत थांबले होते. उतारावरून बोट ओढायला उधाणाची भरती लागते, ती महिन्यात दोनदाच येते, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच बोट वर घ्यायची असते.