घरी प्रोजेक्टर बसवताना: आधी मोजपट्टी, मग वायरमन, सगळ्यात शेवटी दुकान

दुकानात प्रोजेक्टर लावून दाखवतात तेव्हा दिवे मालवलेले असतात, पडदा नेमक्या जागी ताणलेला असतो आणि सिनेमाही चकचकीत रंगांचा निवडलेला असतो. तिथे कुठलाही प्रोजेक्टर बरा दिसतो. घरच्या हॉलमध्ये मात्र मध्यभागी पंखा असतो, पश्चिमेला खिडकी असते, सोफा आहे तिथून हलायला तयार नसतो आणि सॉकेट नेमकं नको त्या भिंतीवर असतं. म्हणून नाशिककरांनी एम. जी. रोडवरच्या दुकानांची फेरी शेवटी मारायची. पहिलं काम घरात, मोजपट्टी घेऊन.

खोली किती देते ते पाहा

इंदिरानगर असो, पाथर्डी फाटा असो की गंगापूर रोड, टू बीएचकेचा हॉल साधारण १० बाय १५ फुटांच्या आसपास निघतो. टीव्ही बहुधा लांब भिंतीवर आणि सोफा त्याच्या समोर. म्हणजे प्रोजेक्टरला मिळणारं अंतर १० फुटांचं. त्यातून यंत्राची लांबी, मागून निघणारी केबल आणि हवेसाठी सोडायची जागा वजा केली की लेन्सपासून भिंतीपर्यंत ९ फूट उरतात, म्हणजे २७४ सेंटिमीटर.

आता प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ शोधा. अंतराला या आकड्याने भागलं की चित्राची रुंदी येते. रेशो १.५ असेल तर २७४ भागिले १.५, म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटर. हे झालं ८३ इंची चित्र (इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात). रेशो १.२ असेल तर त्याच जागेतून २२८ सेंटिमीटर, म्हणजे १०३ इंच. खोली तीच, अंतर तेच, आणि दोन यंत्रांत २० इंचांचा फरक. हा भागाकार न करता घेतलेला प्रोजेक्टर मग खोलीच्या मधोमध टीपॉयवर बसतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण पडद्यावर दिसतो.

१०० इंची चित्र २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतं. वर्तमानपत्रांची पानं चिकटवून तेवढा चौकोन भिंतीवर लावा आणि दोन दिवस राहू द्या. दाराची चौकट, देव्हारा, स्विचबोर्ड, कपाटाचं दार, काय काय मध्ये येतं ते आपोआप कळतं. बसण्याचं अंतर १०० इंचांना ३ ते ४ मीटर असावं. त्याहून जवळ बसणार असाल तर चित्र लहान करा, मानेला बरं.

खोली लहान असेल तर शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरातून मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टर, बघा. भिंतीला जवळजवळ खेटून बसणारा अल्ट्रा शॉर्ट थ्रो मिळतो, पण तो महाग पडतो. शिवाय त्याचा प्रकाश भिंतीवर अगदी तिरका येतो, त्यामुळे पुट्टीची प्रत्येक लाट चित्रात उठून दिसते. त्याला ताठ फ्रेमचा पडदाच हवा.

खोक्यावरचे आकडे

‘९००० लुमेन’ असं खोक्यावर ठळक छापलेलं असतं आणि आत यंत्र मुठीएवढं असतं. त्या आकड्याकडे पाहूच नका. लुमेन हे प्रकाशाचं माप; ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले ‘अँसी लुमेन’ किंवा ‘आयएसओ लुमेन’ किती ते विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर ते यंत्र तिथेच राहू द्या. पूर्ण काळोखात १०० इंचांना खरे ५०० ते ७०० अँसी लुमेन चालतात. पण आपल्याकडे मध्येच कुणीतरी स्वयंपाकघरातला दिवा लावणार, जेवणं हॉलमध्येच होणार, क्रिकेट दुपारी असणार. अशा घराला २००० च्या पुढचा आकडा हवा. तोही जाड पडद्यांसकट. उन्हात कुठलाही प्रोजेक्टर टिकत नाही.

‘फोरके सपोर्ट’ हीसुद्धा अशीच फसवी ओळ. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्र फोरकेचा, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा, सिग्नल आत घेतं. बाहेर किती टाकतं ते ‘नेटिव्ह रिझोल्युशन’ सांगतं. ते निदान १९२० बाय १०८० असू द्या.

दिव्याचा प्रकार आत्ताच ठरवा, कारण पुढची सगळी काळजी त्यावर अवलंबून आहे. पाऱ्याच्या वाफेचा जुना दिवा साधारण ३ ते ५ हजार तास चालतो आणि मग बदलावा लागतो. लेझर आणि एलईडीचं आयुष्य २० हजार तासांच्या घरात सांगतात. रोज सिनेमा बघणाऱ्या घराने लेझरचा विचार करावा. महिन्यातून दोनदा बघणाऱ्याला साधा दिवाही पुष्कळ झाला.

पडदा

सुरुवातीला पांढरी मॅट भिंत चालते. चकाकणारा रंग मात्र नको, मधोमध दिव्याचा डाग दिसतो. पुढे पडदा घ्यायचा झाला तर साधा मॅट पांढरा, गेन (पडदा प्रकाश किती परत फेकतो त्याचा आकडा) १ ते १.२ चा. सोफ्यावर बसल्यावर तुमची नजर पडद्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाजवळ यावी. १०० इंचांच्या पडद्याची खालची कड जमिनीपासून ६५ ते ७० सेंटिमीटरवर धरली की ते जमतं. हौसेने छताजवळ टांगलेला पडदा दिसायला रुबाबदार, पण अर्ध्या तासात मान अवघडते.

छताला टांगताना पंखा विसरू नका

आपल्या घरांत घोळ होतो तो इथेच. प्रोजेक्टर मागे छताला, पडदा पुढे, आणि मधोमध पंखा. पाती प्रकाशाच्या वाटेत आली की चित्र फडफडतं. भोक पाडण्याआधी एक सुतळी घ्या. तिचं एक टोक जिथे लेन्स येणार आहे तिथे धरा आणि दुसरं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर. कुणाला तरी पंखा हाताने सावकाश फिरवायला सांगा. पातं सुतळीला लागलं, तर माउंटचा पाइप लांब घ्या किंवा जागा बदला. हीच तपासणी दुसऱ्या कोपऱ्याला. पंखा बंद आहे म्हणून भागत नाही. त्याचा स्विच किंवा एमसीबी बंद करून मगच स्टुलावर चढा.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात बघायची, ती म्हणजे ‘ऑफसेट’. बरेच प्रोजेक्टर सरळ समोर चित्र टाकत नाहीत, ते लेन्सच्या पातळीच्या वर टाकतात. उलटा टांगला की तेच चित्र लेन्सच्या खाली येतं. हा हिशेब धरून पाइपची लांबी ठरवली तर चित्र आपोआप पडद्यात बसतं.

आरसीसी स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट, वापरा. प्लास्टिकच्या गिट्टीवर डोक्यावरचं वजन सोपवू नका. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला स्वतःचंच वजन जड असतं. तिथे पाइप वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत न्यावा लागतो. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत वाड्यात राहणाऱ्यांनी माउंट लाकडी तुळईत बसवावा, तुळयांमधल्या फळ्यांत नाही. आधी तुळई कीड लागून पोकळ झालेली नाही ना, ते ठोकून बघा. शंका असेल तर सरळ मागच्या भिंतीवर शेल्फ करून घ्या. स्क्रू कधीतरी सैल होतो, म्हणून यंत्राला एक जास्तीची स्टीलची तारही बांधून ठेवावी.

लाईट

प्रोजेक्टरला वीज फार लागत नाही. मोठा घरगुती प्रोजेक्टरसुद्धा ३०० वॉटच्या आसपास असतो, म्हणजे साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. प्रश्न अर्थिंगचा असतो. वाड्यांतल्या जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. तिसरी पिन मोडून दोन पिनांवर यंत्र चालवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. तो इथे करू नका. छतापर्यंत लोंबकळती एक्स्टेंशनही नको. माउंटच्या शेजारीच नवीन पॉइंट काढून घ्यावा आणि एचडीएमआयची केबल वेगळ्या पाइपमधून न्यावी.

दुसरा प्रश्न लाईट जाण्याचा. पाऱ्याचा दिवा चालू असताना आत प्रचंड उष्णता असते. यंत्र बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो तो त्यासाठीच. मध्येच लाईट गेली की पंखा थांबतो आणि उष्णता आत कोंडते. असं वारंवार झालं की दिव्याचं आयुष्य घटतं. त्यामुळे दिव्याच्या प्रोजेक्टरला यूपीएस घ्याच. १००० व्हीएचा साधारण ६०० वॉट देतो, म्हणजे पुरेसा झाला. सिनेमा पूर्ण करायला नाही, यंत्र रीतसर बंद करून गार व्हायला. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखाच सुरळीत प्रवाह देणारा, आहे ना, ते बघा. आणि यंत्रातला पंखा फिरत असताना भिंतीवरचा स्विच बंद करू नका. ही सूचना स्विचशेजारी कागदावर लिहून चिकटवा, कारण घरात झोपायला जाताना सगळे स्विच बंद करणारं कुणीतरी असतंच.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. नुसता स्विच पुरत नाही. डिशची आणि इंटरनेटची केबलही सोडवा. वीज त्या वाटेनेही येते.

पहिल्यांदा चालू करताना

छताला लावला असेल तर चित्र उलटं दिसेल, घाबरू नका. मेनूत ‘फ्रंट सीलिंग’ निवडा. नंतर कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र सरळ करणारी सेटिंग, शून्यावर आणा. चित्र तिरकं आलं की बटण दाबून सरळ करायचा मोह होतो, पण ती दुरुस्ती चित्राचे पिक्सेल खाऊन होते आणि कडा मऊ पडतात. आधी यंत्रच हलवा. लेव्हल लावून समतल करा, पडद्याच्या काटकोनात आणा, लेन्स शिफ्ट (यंत्र न हलवता चित्र सरकवायची सोय) असेल तर ती वापरा. उरलीसुरली कसर कीस्टोनने काढा. मेनूत जाळीचं टेस्ट पॅटर्न असतं, त्यावर हे काम सोपं जातं. फोकस शेवटी, तोही २० मिनिटं यंत्र तापल्यावर. लेन्स तापली की फोकस किंचित सरकतो.

चित्राच्या सेटिंगमध्ये ‘डायनॅमिक’ काढून ‘सिनेमा’ लावा. पहिल्या दिवशी फिकट वाटेल, दोन दिवसांत माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसायला लागतील. इको मोडमध्ये पंख्याचा आवाज कमी होतो. ‘हाय अल्टिट्यूड’ नावाचा एक पर्याय दिसेल. तो साधारण १५०० मीटरच्या वरच्या गावांसाठी आहे, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. नाशिक ६०० मीटरच्या आसपास, त्यामुळे तो बंदच ठेवा, उगाच पंखा घोंगावतो.

एचडीएमआय केबल ५ मीटरच्या पुढे गेली की फोरकेचं चित्र अधूनमधून काळं होऊ शकतं. लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, कुठलं टोक टीव्ही बॉक्सकडे ते पाहूनच पाइपात ओढा. आवाजासाठी साउंडबार केबलने जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

तापणं आणि डोळे

प्रोजेक्टर आणि उष्णतेचं वैर जुनं आहे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या काळातली नायट्रेटची फिल्म इतकी ज्वालाग्राही, की प्रोजेक्टरच्या उष्णतेने पेट घ्यायची. आता फिल्म गेली, उष्णता राहिली. बहुतेक घरगुती यंत्रांची मर्यादा ३५ ते ४० अंशांची असते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो. त्यात काळोखासाठी सगळं बंद केलेला हॉल. अशा दुपारी एसी किंवा कूलर नसेल तर प्रोजेक्टर लावू नका. झरोक्यांभोवती निदान एक फूट मोकळी जागा हवी. बंद कपाटात ठेवू नका, वर क्रोशाचा रुमाल टाकू नका. चित्र थोडा वेळ झाकायचं तर रिमोटवर ‘ब्लँक’चं बटण असतं. लेन्ससमोर पुठ्ठा किंवा पुस्तक धरलं तर ते तापून जळू शकतं आणि लेन्सही जाते.

मुलांना लेन्समध्ये डोकावायला भारी आवडतं. यंत्रावर ‘आरजी २’ असं, म्हणजे प्रकाशाच्या धोक्याचा दुसरा गट, लिहिलेलं असेल तर त्याच्या प्रकाशात जवळून टक लावून पाहणं डोळ्यांना धोक्याचं. भिंतीशी ठेवलेला अल्ट्रा शॉर्ट थ्रो या बाबतीत जास्त जपावा लागतो, कारण तो टेबलावर असतो, प्रकाश वर फेकतो आणि खेळणं काढायला मूल नेमकं त्यावर वाकतं. छताला लावलेल्या यंत्राचा हा त्रास कमी.

पावसाळा, धूळ आणि गच्ची

फिल्टर १०० ते २०० तासांनी साफ करा, रस्त्यालगतच्या घरात त्याआधीच. प्लग काढून, यंत्र गार झाल्यावर, मऊ ब्रशने. लेन्सला ब्लोअर आणि मायक्रोफायबर, फुंकर नको. फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून पाहायचं काही नसलं तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र चालवा. सुटा ठेवणार असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

थंडीत गच्चीवर मॅच दाखवायची टूम निघते. दव पडायच्या आत यंत्र आत आणा आणि गार यंत्र उबदार खोलीत आल्या आल्या चालू करू नका. तासभर बसू द्या, आतला ओलावा जाऊ द्या. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, शेजारी काही बोलत नसले तरी.

पाऱ्याचा दिवा कधीतरी फुटतो. बारीक स्फोटासारखा आवाज येतो. तेव्हा भिंतीवरचा स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडून अर्धा तास खोली मोकळी सोडा. व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने वाफ आणि काच घरभर पसरते. हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा करा आणि बंद डब्यात ठेवा. यंत्र सर्व्हिस सेंटरला न्या. जुना किंवा फुटलेला दिवा घंटागाडीत टाकायचा नाही, तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचा.