ऑनलाइन कॉलेज झेपेल का? आधी चाचणी घ्या

फी भरण्याआधी त्याच विषयाचा एखादा मोफत कोर्स लावा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या कोर्सेरा आणि एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर काही कोर्सेसची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. दोन आठवडे ठरल्या वेळी बसा आणि स्वतःकडे नीट बघा. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवताय? प्रश्नमंजूषा ‘रविवारी बघू’ म्हणून ढकलताय? अडल्यावर चर्चामंचावर प्रश्न टाकता, की खिडकी बंद करून मोकळे होता? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वर्गात शेजारच्याला कोपराने ढोसून विचारता येतं, इथे प्रश्न लिहून उत्तराची वाट बघावी लागते.

वेळेचा हिशोबही मांडा. वर्गातल्या एका तासामागे स्वतःच्या अभ्यासाचे दोन तास, हा कॉलेजचा जुना ठोकताळा ऑनलाइनलाही लागू पडतो. वाचतो तो फक्त प्रवास.

व्याख्यानं थेट आहेत की रेकॉर्डेड, हे प्रवेशाआधीच विचारा. पाळीची नोकरी असेल तर थेट तासांचं वेळापत्रक सांभाळणं अवघड. प्रयोगशाळा लागणारा विषय असेल तर प्रात्यक्षिकं कुठे होणार, तेही लेखी घ्या. आणि हो, पदवीची मान्यता माहितीपत्रकावर विसंबून न राहता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीतच तपासा.