१० मेगाहर्ट्झचे ३० मेगाहर्ट्झ कसे करावेत

शुद्ध साइन लहरीत एकच वारंवारता असते. तीच लहर मुद्दाम वेडीवाकडी केली की तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे हार्मोनिक उमटतात. हवा तो ठेवायचा, बाकीचे गाळायचे. वेडंवाकडं करणं सोपं. कस लागतो तो गाळताना.

आधी लहर बिघडवा. एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसला डीसी बायस (त्याला आधीच चालू ठेवणारा स्थिर व्होल्टेज) देऊ नका. बेसपासून ग्राउंडला नुसता एक रेझिस्टर लावा आणि सिग्नल कपॅसिटरमधून बेसवर सोडा. लहरीचा माथा सुमारे ०.७ व्होल्टच्या वर जाईल तेवढ्यापुरताच ट्रान्झिस्टर चालू होतो आणि कलेक्टरला करंटचे टोकदार ठोके मिळतात. लहरीच्या थोड्याच भागात ट्रान्झिस्टर चालू राहतो, त्यालाच क्लास सी म्हणतात. ड्राइव्ह, म्हणजे बेसवरच्या सिग्नलचा जोर, बेतानं वाढवा; बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेनं जेमतेम पाचेक व्होल्ट सोसतं.

मग कलेक्टरवर ट्यून्ड सर्किट, म्हणजे एकच वारंवारता उचलणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी. ०.५ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ५६ पिकोफॅरड, म्हणजे ३० मेगाहर्ट्झ. पण ५६ चा एकच न लावता ३३ पिकोफॅरडचा फिक्स कपॅसिटर आणि त्याला समांतर ५ ते ४० पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) लावा. रेंज साधारण २६ ते ३६ मेगाहर्ट्झ मिळते. २० आणि ४० तिच्यात येतच नाहीत. नुसता मोठा ट्रिमर लावणारे इथंच फसतात: आउटपुट दणदणीत, आणि वारंवारता मोजणाऱ्या काउंटरवर २०!

झोक्याला दर तिसऱ्या खेपेला धक्का द्यावा, तसं हे चालतं. मधल्या दोन खेपा कॉइल-कपॅसिटर आपल्या जोरावर काढतात. म्हणून कॉइल जाड तारेची हवी, आणि पुढची स्टेज थेट कलेक्टरला न जोडता कॉइलजवळ गुंडाळलेल्या एक-दोन वेढ्यांच्या लिंकनं जोडावी. ऑसिलोस्कोपवर एक शिखर उंच, पुढची दोन उतरती, पुन्हा उंच असं दिसलं, तर १० मेगाहर्ट्झ अजून झिरपतोय. दुसरं ट्यून्ड सर्किट सैल कपलिंगनं जोडा.

नुसतं दुप्पट करायचं असेल तर मी ट्रान्झिस्टरच्या भानगडीत पडत नाही. सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मर आणि दोन सारखे डायोड पुरतात. मूळ वारंवारता आपोआप कटते.

बारापट एका दमात मागू नका. तीन, दोन, दोन अशा पायऱ्या करा. दर दुपटीला फेज नॉइज (लहरीच्या वेळेतली बारीक थरथर) ६ डेसिबलनं वाढतो, तो मात्र कशानंही टळत नाही. एएम यातून पाठवू नका, आवाजाचा चोथा होतो. एफएम खुशाल पाठवा, फक्त डेव्हिएशनही (आवाजाबरोबर वारंवारता जितकी सरकते तेही) तिप्पट होतं: ३० मेगाहर्ट्झला ५ किलोहर्ट्झ हवं असेल तर १० मेगाहर्ट्झला १.६७ किलोहर्ट्झच द्या.