ग्राफिक्स कार्ड बदलण्याची वेळ आली आहे, हे कसे ओळखावे

गेम अडखळू लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो आणि दुकानदारही तो लगेच पक्का करतो. परंतु दोष कार्डाचाच आहे की नाही, हे घरच्या घरी, एकही रुपया न खर्चता तपासता येते. उदाहरणादाखल एनव्हिडियाचे २०१६ मधील ६ जीबीचे जीटीएक्स १०६० हे कार्ड घेऊ.

आधी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, मर्यादा बंद करून, गेम जिथे अडखळतो तोच भाग पुन्हा खेळावा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डावरील भार पाहावा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर मर्यादा बहुधा कार्डाचीच आहे. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे, म्हणजे प्रत्येक फ्रेममागे सुमारे २०.७ लाखांऐवजी ९.२ लाख पिक्सेल रंगवावे लागतात. एवढे ओझे उतरूनही फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर अडचण प्रोसेसरची आहे आणि नवे कार्ड घेऊन पदरी निराशाच येईल. येथे प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर विसंबू नये, कारण आठपैकी एकच कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पूर्ण थकलेला असला तरी एकूण आकडा कमीच दिसतो.

फ्रेमची सरासरी चांगली असून मध्येच हिसके बसत असतील, तर कार्डाची मेमरी भरते का ते पाहावे. ती भरली की उरलेला डेटा संगणकाच्या मुख्य रॅममधून आणावा लागतो आणि तो मार्ग कितीतरी संथ असतो. टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांचा, दर्जा एक पायरी उतरवल्यावर हिसके थांबले, तर खरेदी वर्षभर पुढे ढकलायला माझ्या मते काहीच हरकत नाही. सुरुवातीची दहा मिनिटे गेम सुरळीत चालून नंतर मंदावत असेल, तर कार्ड तापत असावे; आधी पंख्यांतील धूळ काढावी; विदर्भातल्या मे महिन्यात तर हा उपाय सर्वांत आधी करावा.

काही अडचणींवर मात्र सेटिंग बदलून उपाय होत नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या २०२४ मधील गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्याची कार्डातील खास सोय) अनिवार्य आहे आणि १०६० मध्ये ती सोयच नाही. शिवाय या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमनुसार सुधारलेले ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवले. तुम्हाला खेळायचे गेम याच कारणाने चालत नसतील, तर निर्णय झाला असे समजावे. जुनेच गेम खेळणाऱ्याने आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर स्थिर ६० फ्रेम मिळणाऱ्याने घाई करू नये.

खरेदीपूर्वी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तपासावा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. १०६० ला १२० वॅट पुरतात, त्याहून नव्या आरटीएक्स ३०६० ला १७० लागतात, म्हणजे स्लॉट आणि सहा पिनची जोडणी मिळून येणारे १५० वॅट त्याला अपुरे पडतात. म्हणून स्वस्तातल्या जुन्या एसएमपीएसचा खर्चही हिशेबात धरावा. मदरबोर्ड पीसीआयई ३.० (कार्ड जोडण्याच्या मार्गाची जुनी आवृत्ती) चा असेल, तर केवळ चार लेनवर (डेटाच्या मार्गिकांवर) चालणारे एएमडीचे ४ जीबीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड टाळावे, कारण मेमरी भरल्यावर ते अशा बोर्डावर अधिकच मंदावते.