कन्सोलचा वेग वाढवायला बसण्याआधी

रबाळे-महापेच्या शेडमध्ये मशीनशेजारी जुना लिनक्स पीसी असतो. डेस्कटॉप नाही, नुसता कन्सोल (मजकुराचा पडदा), आणि लॉग धावायला लागला की पडदा रखडतो. कामाला बसताना कीबोर्ड, रूट पासवर्ड, यूपीएस हे असणारच. एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) मात्र दुसऱ्या मशीनवरून आधीच उघडून ठेवा, कारण पडदा काळा पडला की तीच एक वाट उरते.

आता पहिली गोष्ट: '/प्रॉक/एफबी' ही कर्नलची फाईल वाचा. पडदा आत्ता नेमका कुठल्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे ते तिथे एका ओळीत दिसतं. 'व्हेसा व्हीजीए' (म्हणजे व्हेसाएफबी हा साधा ड्रायव्हर) असेल तर पुढचं सगळं लागू. 'ईएफआय व्हीजीए' असेल तर व्हेसाएफबीचे पर्याय त्याला कळतच नाहीत, ते गुपचूप वाया जातात, एरर येत नाही. 'आय९१५डीआरएमएफबी' (इंटेलचा ड्रायव्हर) असेल तर मॅपिंग तो ड्रायव्हरच बघतो, तुम्ही एमटीआरआरला (मेमरीच्या पट्ट्यांचा प्रकार ठरवणारी प्रोसेसरची रजिस्टरं) हात लावू नका. बूटच्या सुरुवातीला व्हेसा असलेला पडदा दहा सेकंदांत इंटेलच्या ड्रायव्हरने घेतलेला असू शकतो. म्हणून लॉगिन झाल्यावर बघा, आणि प्रत्येक रीबूटनंतर पुन्हा बघा.

मग आधीचा आकडा लिहून ठेवा: टीटीवाय-१ (पहिला कन्सोल) वर 'टाइम सेक १ ५००००', म्हणजे १ ते ५०,००० आकडे छापायला लागणारा वेळ. एसएसएचवर मोजू नका, तिथे फ्रेमबफर (पडद्याचं चित्र ठेवणारी मेमरी) नसतोच.

मूळ दुखणं असं. व्हिडिओ मेमरी अनकॅश्ड (कॅशशिवाय) मॅप झाली की प्रत्येक लेखन सुटं सुटं बसवर जातं. राइट-कम्बाइनिंगमध्ये प्रोसेसर ६४ बाइटपर्यंत गोळा करून एका झटक्यात पाठवतो. १०२४ बाय ७६८, १६ बिट म्हणजे पूर्ण पडदा दीड एमबी, ३२ बिटला तीन. रंगांची गरज नसेल तर १६ बिटच ठेवा, निम्मं ओझं तिथेच उतरतं.

नव्या कर्नलमध्ये राइट-कम्बाइनिंग आपोआप मागितलं जातं, जुन्यात बूटच्या ओळीत 'व्हिडिओ=व्हेसाएफबी:एमटीआरआर:३' द्यावं लागतं. प्रोसेसरला पॅट (पानागणिक मेमरीचा प्रकार ठरवण्याची सोय) असेल तर '/प्रॉक/एमटीआरआर'मध्ये नवी ओळ दिसणार नाही, घाबरू नका. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फाईलसिस्टिममधली 'पॅट_मेमटाइप_लिस्ट' उघडा. पॅट नसेल आणि एमटीआरआर हाताने घालायचं असेल तर व्हिडिओ मेमरीचा पत्ता '/प्रॉक/आयओमेम'मधून घ्या, रूट होऊन, नाहीतर सगळी शून्यं दिसतात. आकार दोनच्या घातातला हवा आणि पत्त्याला त्या आकाराने पूर्ण भाग जायला हवा: १६ एमबीला ०एक्सई००००००० चालतो. बायोसने तिथे आधीच वेगळ्या प्रकारचा (राइट-बॅक) मोठा पट्टा टाकलेला असेल तर कर्नल नकार देतो, आणि तुम्ही पर्याय बदलत बसता. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'टाइप मिसमॅच' शोधा. (आणि '/प्रॉक/एफबी' पाहिलंत ना? हे सगळं चुकीच्या ड्रायव्हरवर करून बघण्यात अर्धा दिवस जातो.)

वायपॅन, वायरॅप हे पडदा सरकवण्याचे व्हेसाएफबीचे पर्याय ३२ बिट बायोस इंटरफेसवर अवलंबून आहेत. ६४ बिट कर्नलवर त्यांचा नाद सोडा.

स्वतःचा प्रोग्राम फ्रेमबफर मॅप करत असेल तर एमएमॅपला 'मॅप_शेअर्ड'च, प्रायव्हेट केलंत तर पडद्यावर काहीच उमटत नाही. ओळीची लांबी 'लाइन_लेंग्थ'मधून घ्या, रुंदीवरून काढू नका: १३६६ गुणिले ४ म्हणजे ५४६४, पण ड्रायव्हर कित्येकदा ५५०४ धरतो, आणि चित्र तिरकं घसरत जातं. पडद्यातून परत वाचू नका. राइट-कम्बाइनिंगने लेखन सुधारतं, वाचन तितकंच मंद राहतं. साध्या रॅममध्ये चित्र तयार करा आणि बदललेल्या ओळी तेवढ्या मेमकॉपीने ढकला.

ग्रबची (बूटलोडरची) फाईल लगेच बदलू नका. मेन्यूत 'ई' दाबून त्या एका बूटपुरतं आधी बघा. जमलं तर फाईलमध्ये घाला, अपडेट-ग्रब, शिफ्ट बदलताना रीबूट, टीटीवाय-१ वर तीच मोजणी. आणि मोजण्याआधी '/प्रॉक/एफबी'.