शिकवलं कुणी आणि शोधलं कुणी

प्राण्यांच्या प्रशिक्षणात निम्मं ज्ञान तोंडीच फिरतं. वर्कशॉपमध्ये कुणी करून दाखवतं, आपण करून बघतो, कुत्रा शिकतो, आणि काही महिन्यांनी तेच आपण क्लायंटला ‘माझी पद्धत’ म्हणून सांगायला लागतो. यात लबाडी नसते. तरी चूक ती चूकच.

माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली ती शिकवणारा आणि शोधणारा वेगळे करताना. क्लिकरचंच घ्या. प्राण्याने बरोबर केलं की ‘टिक’ वाजवून खाऊ द्यायचा, त्यासाठीचं हे छोटं यंत्र. नवीन माणूस बेधडक सांगतो की तो अमेरिकन प्रशिक्षक कॅरन प्रायर यांनी शोधला. त्यांनी तो सामान्य श्वानपालकांपर्यंत पोचवला, आणि ते काम मोठंच आहे. पण मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी, केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे दांपत्य, १९४० च्या दशकातच या तत्त्वांवर व्यावसायिक पातळीवर प्राणी शिकवत होते. खुद्द स्किनर यांनी १९५१ च्या एका लेखात टिकटिक वाजणारं खेळणं वापरायला सुचवलं होतं. म्हणजे आपल्या एका सरळ, आदराने लिहिलेल्या वाक्यात ब्रेलँड दांपत्य पुसलं जातं. म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा: कुणाकडून शिकलो आणि मूळ कुणाचं. दुसरा रिकामा राहिला तर ‘अमुक यांच्याकडून शिकलो, मूळ माहीत नाही’ एवढं लिहा. ते पुरेसं आहे, खरंच.

खाऊ दाखवून बसायला शिकवणं कुणा एकाचं नाही, तिथे नाव शोधत बसू नका. पण प्रशिक्षक चिराग पटेल यांचा ‘बकेट गेम’ त्यांचा आहे. त्यात खाऊची बादली समोर ठेवतात, आणि प्राणी तिच्याकडे बघत असतानाच नखं कापण्यासारखी कामं करतात. बादलीऐवजी वाडगा ठेवून नवं नाव दिल्याने तो तुमचा होत नाही. त्या खेळाचा जीव एका नियमात आहे: प्राण्याने बादलीवरून नजर हटवली की आपण हात थांबवायचा. नाव बदललं की क्लायंटला मूळ माहिती सापडत नाही. मग हा नियम गळतो आणि उरतं फक्त खाऊ दाखवून नखं कापणं. नुकसान प्राण्याचं होतं. नामांतराचा हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

‘हे कुठून आलं?’ या प्रश्नावर चिडणारा गुरू असेल तर दुसरा शोधा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याचं नाव घेतलं तर क्लायंटला आपण कच्चे वाटू, ही भीती मलाही होती. मूळ नाव ऐकून माझ्याकडून कुणी गेलं नाही. उलट लोक जास्त प्रश्न विचारायला लागले.

पद्धतीत बदल केलात तर तोही सांगा. ‘मूळ खेळ अमुक यांचा, ही पायरी माझी.’ नाहीतर तुमची पायरी फसली की बोल लागतो तो मूळ पद्धतीला.